एक ताट जास्तीचं

२०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजन झालं, आरती झाली, आणि नैवेद्याचं ताट देवापुढून उचलण्याआधीच आमच्या सासूबाईंनी फर्मान सोडलं, "पोरीले फोन लाव."

पोरगी म्हणजे आमची धाकटी. दीड-पावणेदोन महिन्यांपूर्वीच ती शिकायला पोलंडला गेली होती. गावाचं नाव व्रोत्स्वाफ. हे नाव आमच्या घरात कोणालाच धड उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे सासूबाईंनी देशाच्याच नावावर भागवलं होतं. तेही त्यांच्या पद्धतीनं. पोलंड म्हणजे 'पोळंड', पोळ्याचा देश. वऱ्हाडातल्या नव्वदीच्या बाईला ज्या देशाच्या नावात पोळा आहे तो देश फारसा परका वाटत नसावा.

आमच्याकडे संध्याकाळचे सात, तिच्याकडे दुपारचे अडीच. फोनच्या पडद्यावर तिची खोली दिसली. मागे खिडकी, खिडकीत करडं आभाळ. तिनं टेबलावर एक मेणबत्ती लावली होती आणि बशीत दुकानातली बिस्किटं मांडली होती. तिच्या मावशीनं इकडून शंकरपाळ्यांची पिशवी दाखवली, तशी पोरगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. आम्ही सगळे गप्प. सासूबाईंनी मात्र विचारायचं तेच विचारलं, "पन तिले तिथं जेवाले कोन बोलावते वं?"

कोणी नाही, असंच तेव्हा उत्तर होतं. तिची फी आम्ही भरली होती, खोलीचं भाडं भरलं होतं, जाड कोट घेऊन दिला होता. विमा, पासपोर्ट, औषधं, लोणच्याची बरणी, सगळ्याची यादी करून एकेकावर खूण केली होती. त्या यादीत म्हातारीचा प्रश्न नव्हता. त्या रात्री मला झोप आली नाही. पोरीला परत बोलवावं का, असं मी यांना दोनदा विचारलं.

तिनं सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नव्हती. एक नोव्हेंबरला पोलंडमध्ये सर्व संतांचा दिवस पाळतात. त्या दिवशी लोक आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायला जातात. ही बसमधून जात होती, संध्याकाळ झाली होती, आणि एका भिंतीपलीकडे तिला हजारो दिवे लुकलुकताना दिसले. क्षणभर तिला वाटलं, आपली दिवाळी इथे अकरा दिवस आधी आली! मग लक्षात आलं की ते कब्रस्तान आहे. "आई, त्या गर्दीत प्रत्येकाचं कोणीतरी होतं. जिवंत नाही तर मेलेलं. माझं कोणीच नव्हतं," ती म्हणाली. एकविशीतल्या पोरीच्या तोंडी हे वाक्य आईला ऐकवत नाही.

टेबलाभोवतीची माणसं

परदेशी गेलेल्या मुलांच्या बाबतीत आपण चौकशी करतो ती पगाराची, थंडीची आणि जेवणाची. 'संध्याकाळी काय करतेस?' असं सहसा विचारत नाही. खरी परीक्षा संध्याकाळचीच असते. तिथे डिसेंबरात दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो. कॉलेज सुटतं, लोक आपापल्या घरी जातात, दारं लागतात. शेजारी कोण राहतं हे महिनोन्‌महिने कळत नाही. ट्राममध्ये एकदा एक म्हातारा हिच्याकडे पाहून काहीतरी तोडून बोलला. भाषा कळली नाही, सूर कळला. त्यानंतर आठवडाभर ती पायीच कॉलेजला गेली.

दिवाळीनंतर काही दिवसांनी तिला एका वाचनालयाच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. परदेशातून आलेल्यांसाठी पोलिश बोलण्याचा कट्टा, आठवड्यातून एक संध्याकाळ, फी नाही. ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली. तिसऱ्यांदा आत गेली ती बाहेरच्या पावसामुळे.

आत एक लांब टेबल होतं. टेबलाभोवती दहा-बारा माणसं. दोन युक्रेनच्या बाया, एक बेलारूसचा पोरगा, एक नेपाळी स्वयंपाकी, आफ्रिकेतून आलेली एक विद्यार्थिनी. आणि प्रत्येक तिघा-चौघांमागे एक पोलिश माणूस. ही पोलिश मंडळी पगारी नव्हेत. कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी कॉलेजची पोरं, कोणी बँकेतली बाई. ते फक्त बोलायचे. चहा कसा घेता, घरी कोण कोण आहे, पाऊस तुमच्याकडे कधी पडतो. चुकलं तर हसायचे, पण लागेल असं नाही.

पहिल्याच दिवशी हिची एक गंमत झाली. आकडे शिकवत होते. दोनला पोलिशमध्ये 'द्वा', तीनला 'त्शी', चारला 'च्तेरी'. ही म्हणाली, हे तर आमच्या संस्कृतातल्या द्वि, त्रि, चत्वारचे भाऊबंद! मग त्यांनी आगीला काय म्हणतात ते सांगितलं, 'ओग्येन'. आपला अग्नीच की. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहिले गेले. त्या रात्री फोनवर तिचा आवाज बदललेला होता. ज्या गावात काही कळत नव्हतं तिथे निदान आग तरी ओळखीची निघाली.

मग हळूहळू आठवड्याला काही ना काही सुरू झालं. रविवारी गावातून चालत फेरी. ओडर नदीच्या फाट्यांवर वसलेलं ते गाव, शंभरावर पूल, मधे बेटं. रस्त्याच्या कडेला, खांबावर, खिडकीच्या चौकटीत वीतभर उंचीचे ब्राँझचे बुटके. ऐंशीच्या दशकात तिथल्या तरुणांनी कम्युनिस्ट राजवटीची टिंगल करायला भिंतींवर बुटक्यांची चित्रं काढली होती. त्या आठवणीखातर २००१ मध्ये पहिला पुतळा बसला, आणि आता त्यांची संख्या शेकड्यांत गेली आहे. नव्या माणसाला गाव दाखवायची ही चांगली युक्ती: बुटके मोजत चला, रस्ते आपोआप पाठ होतात. एका संध्याकाळी सगळ्यांनी मिळून 'पिएरोगी' केले. हिनं पहिलाच इतका सुबक मुरडला की सगळ्या बाया बघत राहिल्या. दिवाळीत करंज्यांना मुरड घालायला बसवलं की ही कुरकुरायची, त्याच करंजीनं तिची परदेशात लाज राखली. नोव्हेंबरअखेर संत आंद्रेईची रात्र आली. त्या रात्री पोलिश मुली किल्लीच्या भोकातून वितळलेलं मेण गार पाण्यात ओततात आणि त्याचा जो आकार होईल त्यावरून पुढचं भविष्य सांगतात. हिच्या मेणाचा आकार कोणाला जहाज वाटला, कोणाला बैल. सासूबाईंना अर्थातच बैल पटला.

हे सगळं ऐकताना माझ्या मनात यायचं की यात मोठं असं काय आहे? एक टेबल, दोन-चार किटल्या चहा आणि कोणाची तरी दोन तासांची फुरसत. पण दिवाळीत रडणारी पोरगी डिसेंबरात गावातल्या गल्ल्यांची नावं सांगायला लागली होती.

सगळेच बाहेरचे

मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं. त्यामुळे लेक ज्या गावात आहे त्याचा इतिहास काढून वाचल्याशिवाय राहवलं नाही. वाचलं आणि चकित झाले.

१९४५ पर्यंत ते गाव जर्मनीत होतं. नाव ब्रेस्लाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मे १९४५ मध्ये ते पडलं, निम्म्याहून अधिक उद्ध्वस्त झालेलं होतं. मग बड्या राष्ट्रांनी नकाशावर रेघा ओढल्या आणि अख्खा पोलंड देश पश्चिमेला सरकवला. पूर्वेचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला, पश्चिमेला जर्मनीचा तुकडा पोलंडला मिळाला. ब्रेस्लाऊमधल्या जर्मनांना घरं सोडून जावं लागलं. त्यांच्या घरांत पोलिश लोक आले. त्यातले पुष्कळ पूर्वेकडून, ल्वूफसारख्या शहरांमधून उठवलेले. ते आपले प्राध्यापक घेऊन आले, ग्रंथालय घेऊन आले, आपल्या लढाईचं एक प्रचंड गोलाकार चित्रसुद्धा घेऊन आले. 'रात्सवावित्से'चं ते चित्र आज व्रोत्स्वाफमध्ये पाहायला मिळतं.

म्हणजे ज्या गावात आमची लेक परकी म्हणून गेली, त्या गावातल्या बहुतेक घरांत आजोबा-पणजोबा परकेच म्हणून आले होते. आणि पूर्वेचं ते ल्वूफ शहर म्हणजे आजचं युक्रेनमधलं ल्विव. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा त्याच बाजूनं आगगाड्या भरभरून बायका-मुलं पुन्हा या गावात उतरली. लेकीच्या टेबलावरच्या त्या दोन युक्रेनी बाया त्यांच्यापैकीच.

२४ डिसेंबरची रात्र पोलिश लोकांना वर्षातली सगळ्यांत मोठी. तिला 'विगिलिया' म्हणतात. दिवसभर उपास. आकाशात पहिली चांदणी दिसली की सोडायचा. आपण संकष्टीला चंद्राची वाट पाहतो तशी ते चांदणीची पाहतात. मांसमटण वर्ज्य, फक्त मासे चालतात. बारा पदार्थ: बिटाचं सार, कोबी-अळंबीचे पिएरोगी, खसखशीची गुंडाळी, सुक्या फळांचं सरबत. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरतात, कारण बाळ येशू गोठ्यात जन्मला. जेवणाआधी एक पातळ पापुद्र्यासारखी पांढरी पोळी प्रत्येकाच्या हातात देतात, एकमेकांच्या हातातला तुकडा मोडून खायचा आणि नव्या वर्षासाठी शुभ बोलायचं. संक्रांतीचा तिळगूळच म्हणा ना.

आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. कोणी अनोळखी वाटसरू आला तर त्याच्यासाठी.

आमच्या लेकीला कट्ट्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी घरी बोलावलं होतं. ती जाऊन बसली, आणि यजमानीणबाई म्हणाल्या, "गेली कित्येक वर्षं आम्ही हे ताट मांडतो. त्यावर कोणी बसलेलं आज मी पहिल्यांदा पाहतेय."

आमच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तिनं फोन करून सगळं सांगितलं. खेड्यापाड्यांत त्या रात्री गाईगुरांनाही त्या पोळीचा तुकडा देतात आणि मध्यरात्री जनावरं माणसासारखी बोलतात अशी समजूत आहे, हेही सांगितलं. सासूबाई पलंगावर उठून बसल्या. "पाय, म्या म्हनलं नव्हतं? पोळ्याचाच देश हाय थो!" आणि मग बऱ्याच वेळानं, स्वतःशीच, "जेवाले बोलावलं पोरीले. बरं झालं."

पंचगंगेच्या काठी पोलंड

ते जास्तीचं ताट ऐकलं आणि मला माझी बी.एड.ची मैत्रीण आठवली. ती कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची, सिंधी घरातली. होस्टेलवर असताना ती गमतीनं म्हणायची, "आम्ही पोलिशांच्या खोल्यांत राहतो." तेव्हा मी 'पॉलिश' ऐकलं होतं आणि तिच्या वडिलांचा बुटांचा धंदा असेल असं समजले होते! २०२४ च्या उन्हाळ्यात अंबाबाईच्या दर्शनाला गेले तेव्हा मुद्दाम तिच्याकडे उतरले, आणि तिला म्हटलं, "आता मला ते पोलिश नीट समजावून सांग."

गोष्ट अशी. १९३९ मध्ये हिटलरनं पश्चिमेकडून आणि स्टालिननं पूर्वेकडून पोलंड वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून रशियानं आपल्या वाट्याच्या मुलखातून लाखो माणसं गाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली. १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा त्यांच्यासाठी सुटकेचा करार झाला. १९४२ मध्ये त्यातले हजारो लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. पुरुष बहुतेक सैन्यात गेले. उरल्या बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. त्यांना कुठे ठेवायचं?

काठियावाडात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडीला शेकडो अनाथ मुलांना आश्रय दिला. आणि मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या काठी, वळिवड्याला. १९४३ पासून कराचीमार्गे माणसं येत गेली आणि संख्या पाच हजारांच्या घरात गेली. काळ कसा होता हे विसरून चालणार नाही. त्याच १९४३ मध्ये बंगालात माणसं भुकेनं रस्त्यावर मरत होती. शेजारच्या सातारा भागात पत्री सरकार इंग्रजांशी झुंजत होतं. आपणच पारतंत्र्यात, आणि आपल्या अंगणात पाच हजार पाहुणे.

बरॅकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला राहायची जागा. पण त्या बायांनी नुसतं राहायचं ठरवलं नाही. त्यांनी तिथे आपलं गाव उभं केलं. चर्च, दवाखाना, लहान मुलांच्या शाळा आणि वरच्या वर्गांची शाळाही. सहकारी दुकान. मुलामुलींची बालवीर पथकं. नाटकं बसवली जात, गाण्याचे आणि लोकनृत्याचे कार्यक्रम होत, घरच्यासारखे रंगीत भरतकामाचे पोशाख शिवले जात, सणाला मिरवणुका निघत. पोलंडमध्ये २४ डिसेंबरला बर्फ असतं. इथे पंचगंगेच्या वाऱ्यात, कौलांखाली, त्यांनी पहिल्या चांदणीची वाट पाहिली असेल. ज्यांची छाती सैबेरियात खराब झाली होती अशा मुलांसाठी पाचगणीला आरोग्यधाम होतं.

या सगळ्याला आपण 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणतो, आणि शाळेत शिक्षिका असताना मीही ते शब्द गॅदरिंगच्या पत्रिकेपुरतेच वापरले. वळिवड्याच्या त्या मोकळ्या जागेवर उभी राहिले तेव्हा कळलं की घर, शेत, नवरा, देश सगळं गेलेल्या बाईला मुलाला नाचाची पावलं शिकवणं म्हणजे काय असेल. पुढे १९४५ मध्ये नकाशावरच्या रेघा बदलल्या तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांची गावं पोलंडमध्ये राहिलीच नव्हती. परत जायला घर नव्हतं. शिकवलेली पावलं तेवढी उरली.

वसाहत १९४८ पर्यंत टिकली. १९४६ मध्ये बालाचडीची काही मुलंही इथेच आणली होती. मग कोणी इंग्लंडला, कोणी आणखी दूर, काही पोलंडला गेले. काही कोल्हापूरच्याच दफनभूमीत राहिले. एखाद-दुसरी पोरगी इथल्या मुलाशी लग्न करून कोल्हापूरची सून झाली. आणि रिकाम्या बरॅकींत आले ते फाळणीत सिंध सोडून आलेले लोक. माझ्या मैत्रिणीचे आजोबा त्यांच्यातले. आजचं गांधीनगर, कापडाच्या ठोक बाजारासाठी नावाजलेलं, ते हेच. व्रोत्स्वाफमध्ये जर्मनांच्या घरांत पोलिश गेले आणि इकडे वळिवड्यात पोलिशांच्या खोल्यांत सिंधी आले. जगात बेघर माणसं एकमेकांच्या जागा अशा भरत असतात.

पण त्या मुलांनी वळिवडं विसरलं नाही. म्हातारपणी त्यांनी लंडनमध्ये आपली संस्था केली आणि २००० मध्ये आठवणींचा जाडजूड ग्रंथ छापला. कोल्हापुरात स्मारक उभं केलं. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तिथे गेले होते आणि वळिवड्याच्या आठवणी जपणाऱ्या मंडळींना भेटले. लेकीनं ती बातमी मला पाठवली. खाली लिहिलं होतं, 'आई, म्हणजे आपलं ताट आधीच मांडलेलं होतं.'

आपल्या दारातला परका

इथपर्यंत लिहून थांबता आलं असतं. आपण किती मोठ्या मनाचे, याचं समाधान मिळालं असतं. पण वळिवड्याबद्दल वाचताना एका बाईचं नाव भेटलं आणि माझी पंचाईत झाली.

वांदा दिनोव्स्का. पोलंडची ही विदुषी १९३० च्या दशकात भारतात आली, गांधीजींच्या सहवासात आली आणि उमादेवी झाली. तिचा सहकारी मॉरिस फ्रीडमन, मूळ वॉर्साचा इंजिनिअर, आपल्याकडे स्वामी भारतानंद म्हणून ओळखला गेला. औंध संस्थानात १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आली, तिच्या घडणीत त्याचा मोठा हात होता. या दोघांनी १९४४ मध्ये पोलिश वाचकांना भारत कळावा म्हणून ग्रंथमाला सुरू केली. उमादेवी पुढे कायमची परत गेली नाही. १९५९ नंतर तिबेटमधून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा ती धरमशाळेला जाऊन तिबेटी मुलांमध्ये राहिली. १९७१ मध्ये ती म्हैसूरला वारली.

तिबेटी निर्वासित, हे शब्द वाचले आणि मला आमच्या बुलढाण्याचा रस्ता दिसला.

बुलढाणा घाटावरचं गाव. विदर्भात असूनही इथली थंडी अंगाला लागते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. बांबू, ताडपत्री, ओळीनं टांगलेले स्वेटर, मफलर, कानटोप्या. आपण त्यांना 'तिबेटी' म्हणतो, काही जण 'नेपाळी' म्हणतात, फरक कोणी विचारत नाही. माल बहुतेक लुधियानाचा असतो. जानेवारी संपता संपता दुकानं उठतात आणि ते लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, आपापल्या वसाहतींत जातात. अशा वसाहती कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोडला आहेत. आपल्या विदर्भातही आहे. पूर्वीच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे.

म्हणजे दरवर्षी तीन महिने, नेमके आपल्या दिवाळीचे आणि संक्रांतीचे, निर्वासितांची ही कुटुंबं आमच्या गावात असतात. मी वीस वर्षं एकाच बाईकडून स्वेटर घेत होते. लेकीचा पहिला लाल स्वेटर तिचा, शाळेचा निळा स्वेटर तिचा. पोलंडला जातानाची कानटोपीसुद्धा तिचीच. वीस वर्षांत मी तिच्याशी काय बोलले? "कितने का? कम करो." एवढंच. तिला जेवायला कोण बोलावतं, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. व्रोत्स्वाफच्या कोणा बाईनं माझ्या लेकीशी असंच वागावं का, तर नाही! तिनं मात्र लेकीला घरी न्यायला हवं, ही माझी अपेक्षा.

२०२४ ची दिवाळी आली. योगायोग असा की त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं एक नोव्हेंबरला होतं. तिकडे पोलंडमध्ये कबरींवर दिवे, इकडे आपल्या उंबऱ्यावर. सकाळी मी फराळाचा डबा भरला आणि स्वेटरांच्या दुकानाशी गेले. संकोच इतका वाटत होता की आधी एक मफलर विकत घेतला, भावही केला नाही. मग डबा पुढे केला आणि म्हटलं, "आज हमारी दिवाली है. शाम को घर आओ, खाना खाने."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, मी दोनदा चुकीचं म्हटलं, तिनं दोनदा दुरुस्त केलं, अगदी त्या कट्ट्यावरच्या बाईंसारखं, लागणार नाही असं. ते नाव इथे छापत नाही, कारण तिला तसं विचारलेलं नाही. ती म्हणाली, "बीस साल में पहली बार किसी ने नाम पूछा." मला कुठे पाहावं ते कळेना.

संध्याकाळी ती आली, सोबत तिची भाची. येताना रिकाम्या हाती आली नाही. एक पांढरा रेशमी पट्टा घेऊन आली होती, त्यांच्याकडे मानाच्या माणसाला देतात तो. तिनं तो सासूबाईंच्या गळ्यात घातला. सासूबाईंनी तो चाचपून पाहिला आणि तिला आपल्या शेजारी पाटावर बसवलं. तिची आई तिबेटमधून पायी आली होती, ती स्वतः मुंडगोडला जन्मली. तिबेट तिनं कधी पाहिला नाही. "लोसार को हम भी करंजी जैसा तलते हैं," तिनं सांगितलं. भाषेची अडचण होती, पण जेवायला भाषा फार लागत नाही.

जेवणं चालू असताना पोरीचा फोन आला. ती या वर्षी कट्ट्यावरच्या मंडळींसाठी दिवाळी करत होती. टेबलावर पणत्या होत्या, मध्ये तिनं स्वतः तळलेल्या करंज्या, जरा जास्तच लाल झालेल्या. आता टेबलाच्या त्या बाजूला ती बसली होती, नव्यानं आलेल्या कोणाला तरी चहा ओतत होती. मी फोन फिरवून पाहुण्या बाईंना दाखवला. त्यांनी लेकीला लगेच ओळखलं. "टोपी अच्छा है?" त्यांनी विचारलं. लेकीनं उठून खुंटीवरची कानटोपी आणून दाखवली.

आमच्या जिल्ह्यात लोणारला विवर पाहायला परदेशी पाहुणे येतात, शेगावला देशभरातून माणसं येतात. शेतात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर कुठकुठल्या प्रांतांतली कुटुंबं येऊन राहतात. प्रत्येकासाठी वळिवड्यासारखी वसाहत उभारणं आपल्या हातात नाही. वाचनालयात आठवड्याला एक टेबल मांडणं मात्र अशक्य नाही. आमच्या गावच्या वाचनालयातल्या मंडळींशी मी बोलले आहे. एका संध्याकाळपुरती खोली द्यायला ते तयार आहेत. किती जण येतील ठाऊक नाही. दोनदा दारापर्यंत येऊन परत जाणारेही असतील, त्यांच्यासाठी दार जरा उघडंच ठेवायचं ठरवलं आहे.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "च्या कोन करन?"

म्हटलं, "मी करीन."